१४ आणि १४४ : जीन क्लार्कचा 'नो अदर' हरवला कसा आणि सापडला कसा

सप्टेंबर १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या असायलम रेकॉर्ड्स या कंपनीने दोन ध्वनिमुद्रिका बाजारात आणल्या. एक होती जॅक्सन ब्राउनची 'लेट फॉर द स्काय' आणि दुसरी जीन क्लार्कची 'नो अदर'. दोघेही स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणारे, दोघांच्याही संगीताची मुळे अमेरिकी लोकसंगीतात रुजलेली, शहर एक, कंपनी एक, आणि वाजवणाऱ्यांचे वर्तुळही जवळपास तेच. ब्राउनची तबकडी बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत १४व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. क्लार्कची १४४व्या क्रमांकावर अडकली आणि १९७६ पर्यंत कंपनीच्या विक्रीयादीतूनही निघून गेली. आज मात्र सत्तरच्या दशकातल्या सर्वोत्तम अमेरिकी ध्वनिमुद्रिकांची चर्चा निघाली की 'नो अदर'चे नाव हटकून येते. एखादा अल्बम हरवतो म्हणजे नेमके काय होते, आणि तो पुन्हा सापडतो म्हणजे कोणी काय केलेले असते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी संगीताच्या प्रकाराविषयी थोडेसे, कारण पुढच्या घोळाचे एक मूळ तिथेच आहे. कंट्री हे अमेरिकेच्या दक्षिण आणि मध्य भागातल्या गावांचे, शेतमजुरांचे आणि चर्चमध्ये गाणाऱ्या कुटुंबांचे संगीत. बँजो, फिडल म्हणजे आपले व्हायोलिन, आणि सुरावरून सुरावर घसरत जाणारी स्टील गिटार ही त्याची ओळख. फोक म्हणजे त्याच परंपरेतल्या जुन्या गाण्यांचा शहरी तरुणांनी १९५० आणि ६० च्या दशकांत पुन्हा धरलेला धागा. एक साधी गिटार, एक आवाज आणि शब्दांना मोठा मान. रॉकमध्ये ड्रम आणि विजेवरच्या गिटारचा जोर. हे तिन्ही प्रवाह एकत्र येऊन जे संगीत साठ-सत्तरच्या संधिकाळात कॅलिफोर्नियात घडले, त्याला ढोबळपणे कंट्री-फोक रॉक म्हणतात. ते घडवणाऱ्या पहिल्या चार-पाच जणांत जीन क्लार्कचे नाव घ्यावे लागते.

हॅरोल्ड यूजीन क्लार्कचा जन्म १७ नोव्हेंबर १९४४ रोजी मिसूरी राज्यातल्या टिप्टन या छोट्या गावात झाला. तेरा भावंडांचे घर. १९६३ मध्ये न्यू क्रिस्टी मिन्स्ट्रल्स या लोकप्रिय फोक समूहाने त्याला उचलले. काही महिन्यांतच त्याने बीटल्स ऐकले, समूह सोडला आणि लॉस एंजेलिस गाठले. तिथल्या ट्रुबॅडोर क्लबमध्ये त्याची रॉजर मॅग्विनशी गाठ पडली, डेव्हिड क्रॉस्बी येऊन मिळाला, आणि १९६४ मध्ये बर्ड्स हा बँड उभा राहिला. १९६५ मध्ये त्यांनी बॉब डिलनचे 'मिस्टर टॅम्बुरिन मॅन' बारा तारांच्या गिटारवर वाजवून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले. त्या काळात बँडचा मुख्य गीतकार क्लार्क होता. बसमधल्या प्रवासात हे लोक पंडित रविशंकर आणि जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या टेप पुन्हा पुन्हा ऐकत असत. त्या ऐकण्याचा ठसा 'एट माइल्स हाय' या गाण्यावर स्पष्ट उमटला आहे, आणि त्या गाण्याच्या लेखनातही क्लार्कचा मोठा वाटा होता.

ते गाणे विमानप्रवासावर आहे. ते मार्च १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा क्लार्क बँडमधून बाहेर पडलेला होता, कारण त्याला विमानात बसता येत नव्हते. न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात त्याला भीतीने असे काही घेरले की विमान सुटण्याआधीच तो उतरला. हे एकमेव कारण नव्हते. गीतकार म्हणून मानधनाचा जास्त वाटा त्याला मिळत असे आणि त्यावरून बँडमध्ये कुरबुरी होत्याच. पण विमानाची भीती पुढेही त्याच्या वाटेत येत राहिली, म्हणून ती लक्षात ठेवावी. ज्या व्यवसायात तबकडी खपवायची तर देशभर फिरून कार्यक्रम करावे लागतात, त्या व्यवसायात या माणसाला विमानाची भीती होती.

पुढच्या आठ वर्षांत त्याने जे काही केले ते काळाच्या थोडे आधी केले. बँजोवादक डग डिलार्डबरोबर १९६८ आणि १९६९ मध्ये काढलेले दोन अल्बम कंट्री आणि रॉक यांचा सांधा घडवणाऱ्या पहिल्या प्रयत्नांपैकी आहेत, पण ते खपले नाहीत. त्याच समूहातला बर्नी लेडन पुढे ईगल्स या बँडच्या संस्थापकांपैकी एक झाला, आणि क्लार्क व लेडन यांनी मिळून लिहिलेले 'ट्रेन लीव्ह्ज हिअर धिस मॉर्निंग' हे गाणे ईगल्सने १९७२ च्या आपल्या पहिल्याच अल्बममध्ये घेतले. १९७१ चा 'व्हाइट लाइट' हा क्लार्कचा अत्यंत साधा, सुंदर अल्बम अमेरिकेत खपला नाही. त्यानंतरचा 'रोडमास्टर' तर कंपनीने अमेरिकेत काढलाच नाही. १९७३ मध्ये तो फक्त नेदरलँड्समध्ये निघाला. त्याच वर्षी बर्ड्सच्या मूळ पाच जणांनी असायलमसाठी पुन्हा एकत्र येऊन एक अल्बम केला. त्यावर टीकाच अधिक झाली, मात्र क्लार्कच्या गाण्यांचे कौतुक झाले, आणि असायलमचा प्रमुख डेव्हिड गेफेन याने त्याला स्वतंत्र अल्बमसाठी करारबद्ध केले.

क्लार्क तेव्हा उत्तर कॅलिफोर्नियात मेंडोसिनोच्या बाजूला, पॅसिफिकच्या काठी राहत होता. गाणी तिथे लिहिली गेली आणि ध्वनिमुद्रण १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या व्हिलेज रेकॉर्डर या स्टुडिओत झाले. टॉमस जेफरसन के हा निर्माता होता. बेस गिटारवर लीलंड स्क्लार आणि ड्रमवर रस कंकेल, म्हणजे जॅक्सन ब्राउनच्या पहिल्या अल्बमवर वाजवणारीच जोडी. गिटारवर जेसी एड डेव्हिस, मँडोलिनवर बर्ड्समधला जुना सोबती क्रिस हिलमन, व्हायोलिनवर रिचर्ड ग्रीन, आणि मागे क्लायडी किंग, व्हेनेटा फील्ड्स यांच्यासारख्या गॉस्पेल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांच्या घडणीच्या गायिका. आपल्याकडे लोकगीतांत मुख्य गायकामागे झील धरणारे झीलकरी असतात, तसेच हे काम. फक्त इथे ती झील कधी कधी गाण्याची भिंतच होऊन उभी राहते. खर्च एक लाख डॉलरच्या वर गेला, जो त्या काळी मोठा होता. इतक्या खर्चात तयार झाली आठ गाणी, एकूण पाऊण तासाच्या आत.

त्यांतले एक गाणे जवळून पाहू, म्हणजे या ध्वनिमुद्रिकेत वेगळे काय आहे ते कळेल. 'स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्ज' हे गाणे सुरू होते तेव्हा शब्दच नसतात. एकेक वाद्य येऊन बसते आणि त्यावर अनेक आवाज मिळून निःशब्द आकार धरतात. आलापाची सवय असलेल्या आपल्या कानांना हे फार ओळखीचे वाटते, कारण गाणे म्हणजे काय ते सांगण्याआधी गायक सुरांची जागा तयार करतो आहे हे लगेच जाणवते. क्लार्कचा आवाज यायला बराच वेळ लागतो, आणि आल्यावर तो घाई करत नाही. गाण्याचा विषयही संगीतच आहे : सूर माणसाचे काय करतात, हा. ठेका संथ, जड, प्रत्येक मात्रेला पाय रोवून टाकलेला. हे कंट्री नाही, निव्वळ रॉक नाही, चर्चमधले गाणेही नाही, पण तिन्ही त्यात आहेत. शीर्षकगीत त्याहून अनपेक्षित आहे. घोगऱ्या, खरखरत्या बेसवर आणि हातवाद्यांवर चालणारा तो ठेका कृष्णवर्णीयांच्या फंक संगीताच्या शेजारचा आहे. 'सम मिसअंडरस्टँडिंग' तब्बल आठ मिनिटे चालते. आणि 'सिल्व्हर रेव्हन'मध्ये हा सगळा थाट बाजूला ठेवून तो इतक्या हळुवारपणे गातो की मागचे आवाजही दबकून वागतात. आठही गाणी सारखी थोर आहेत असे मी म्हणणार नाही. 'द ट्रू वन' हे चांगले पण ठरलेल्या वळणाचे कंट्री गाणे आहे आणि त्याच्या शेजाऱ्यांमुळे ते जरा फिके पडते.

मग असा अल्बम पडला का? एकच खलनायक शोधण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण इथे अनेक गोष्टी एकावर एक आल्या.

पहिली गोष्ट, ही ध्वनिमुद्रिका कोणत्या फळीवर ठेवायची हे कोणालाच कळेना. अमेरिकी रेडिओ तेव्हा प्रकारांत वाटलेला होता. कंट्री केंद्रांना ती फार गुंतागुंतीची वाटणार, रॉक केंद्रांना फार संथ, आणि तीन मिनिटांचे, चटकन गुणगुणता येईल असे गाणे त्यात जवळपास नव्हते. मुखपृष्ठावर १९२० च्या हॉलिवूडची आठवण देणारे चित्रांचे कोलाज, आणि मागच्या बाजूला चेहऱ्यावर रंगभूषा केलेला, जुन्या मूकपटांतल्या ताऱ्यांसारखा नटलेला क्लार्क. जीन्स आणि साध्या सदऱ्यात त्याला ओळखणाऱ्या लोकांनी तबकडी हातात घेऊन परत ठेवली असेल तर नवल नाही.

दुसरी गोष्ट, त्या वर्षी असायलमच्या घरात गर्दी होती. बॉब डिलनचा 'प्लॅनेट वेव्ह्ज' आणि जोनी मिशेलचा 'कोर्ट अँड स्पार्क' हे जानेवारीत येऊन गेले होते, ईगल्सचा नवा अल्बम होता, ब्राउनचा तर त्याच महिन्यातला. जाहिरातीचा पैसा आणि विक्रेत्यांचे लक्ष हे मर्यादित असते, आणि ते जिथे परतफेडीची खात्री तिथे जाते. त्यातच १९७३ च्या तेलसंकटामुळे तबकडीचा कच्चा माल असलेल्या पीव्हीसी या प्लास्टिकची टंचाई झाली होती, त्यामुळे कोणती तबकडी किती छापायची याचा हिशेब कंपन्या अधिक काटेकोरपणे करत होत्या. तिसरी गोष्ट आपण पाहिलीच आहे : विमानाच्या भीतीमुळे देशभर फिरून हा अल्बम लोकांच्या कानांवर घालणे क्लार्कला सोपे नव्हते. भर पडली ती व्यसनांची, ज्यांनी पुढे त्याचे शरीर पोखरले.

इथून पुढचा भाग व्यवहाराचा आहे आणि तो समजल्याशिवाय हरवणे हा शब्दच नीट कळत नाही. ध्वनिमुद्रणाचा खर्च कंपनी करते, पण बहुतेक करारांत तो कलावंताच्या मानधनातून वळता करून घेतला जातो. समजण्यापुरते आकडे घेऊ : प्रत्येक तबकडीमागे कलावंताचा वाटा ५० सेंट असेल आणि खर्च एक लाख डॉलर झाला असेल, तर दोन लाख तबकड्या खपेपर्यंत कलावंताच्या हाती एक सेंटही पडत नाही. तोवर तो कंपनीच्या वहीत देणेकरी असतो. अल्बम चालला नाही तर कंपनी नव्या प्रती छापणे थांबवते आणि त्याचे नाव विक्रीयादीतून काढते. दुकानांतून परत आलेला माल मग भंगाराच्या भावात फुंकला जातो. या तबकड्या ओळखता याव्यात आणि पूर्ण किमतीला पुन्हा परत येऊ नयेत म्हणून त्यांच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनाला करवतीने खाच पाडतात, भोक पाडतात किंवा कोपरा तिरका कापतात. अमेरिकेत त्यांना कट-आउट म्हणतात. अशा विक्रीतून कलावंताला सहसा काही मिळत नाही. खाच पाडलेले ते वेष्टन हातात धरले की आतल्या संगीताचा बाजाराने काय निकाल लावला ते बोटालाच लागते.

म्हणजे अल्बम नष्ट झालेला नसतो. त्याची मूळ फीत, जिला मास्टर म्हणतात, ती कंपनीच्या कोठारात असते आणि तिच्यावर मालकी कंपनीची असते. ज्याने गायले त्याला ती स्वतः छापून विकता येत नाही. ऐकणाऱ्याला ती जुन्या तबकड्यांच्या ढिगात मिळाली तर मिळाली. ही हरवलेपणाची खरी व्याख्या आहे : वस्तू आहे, तिच्याकडे जाण्याची वाट बंद आहे. 'नो अदर' ज्या वर्षापर्यंत यादीतून गेला, त्याच १९७६ मध्ये असायलमने ईगल्सच्या निवडक गाण्यांचा संग्रह काढला, जो अमेरिकेत आजवर सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक ठरला. एकाच कोठारातल्या दोन फितींची ही दोन नशिबे होती.

वाट बंद असली तरी एक खिडकी उघडी राहते, आणि ती कायद्यामुळे. प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, जो कंपनीकडे असतो. दुसरा मूळ रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा, ज्यातून गीतकाराला मानधन मिळते. त्यामुळे दुसरा कोणी गायक तेच गाणे नव्याने गाऊ शकतो, आणि तसे झाले की गीतकाराला पैसे मिळतात आणि मूळ गाण्याचे नाव पुन्हा कानांवर येते. क्लार्कच्या बाबतीत हीच खिडकी कामी आली. १९८६ मध्ये लंडनच्या फोर एडी या छोट्या कंपनीचा संस्थापक आयव्हो वॉट्स-रसेल याने आपल्या 'धिस मॉर्टल कॉइल' या प्रकल्पात 'स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्ज' नव्याने करून घेतले. काळोख्या, धुकट आवाजाचे ब्रिटिश संगीत ऐकणाऱ्या तरुणांना तेव्हा प्रथमच प्रश्न पडला की हे मूळ कोणाचे. १९८९ मध्ये अमेरिकी रॉक गायक टॉम पेटीने बर्ड्सच्या काळातले क्लार्कचे 'आय विल फील अ होल लॉट बेटर' आपल्या 'फुल मून फीव्हर' या प्रचंड खपलेल्या अल्बममध्ये घेतले, आणि क्लार्कच्या हाती अखेर बऱ्यापैकी पैसा आला. पुढे २००७ मध्ये रॉबर्ट प्लँट आणि ॲलिसन क्राउस यांनी 'रेझिंग सँड'मध्ये डिलार्डबरोबरच्या काळातली त्याची दोन गाणी गायली. त्या अल्बमला २००९ मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

हे शेवटचे पाहायला क्लार्क नव्हता. जानेवारी १९९१ मध्ये बर्ड्सचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला तेव्हा तो मूळ सोबत्यांसह मंचावर होता. २४ मे १९९१ रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी तो गेला. टिप्टनला त्याला पुरले, आणि दगडावर त्याच्या पूर्ण नावासोबत दोनच शब्द कोरले : नो अदर. ज्या अल्बमने त्याला व्यवहारात बुडवले त्याचेच नाव तिथे आहे, हे वाचून मी पहिल्यांदा बराच वेळ गप्प बसलो होतो.

पुन्हा सापडण्याची प्रक्रिया त्यानंतर हळूहळू चालली. २००३ मध्ये काही गाण्यांच्या वेगळ्या आवृत्त्या जोडून अल्बम सीडीवर आला. २००५ मध्ये जॉन आइनारसनने लिहिलेले क्लार्कचे चरित्र आले, २०१३ मध्ये त्याच्यावरचा माहितीपट. जानेवारी २०१४ मध्ये बीच हाउस या बँडच्या दोघांनी पुढाकार घेऊन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांत संपूर्ण 'नो अदर' पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत मंचावर सादर केला. त्यांच्यासोबत फ्लीट फॉक्सेस, ग्रिझली बेअर अशा बँडमधले वादक-गायक होते, ज्यांतले बरेच जण अल्बम निघाला तेव्हा जन्मलेही नव्हते. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तो विधिवत पुन्हा प्रसिद्ध झाला तो फोर एडीकडूनच. वॉट्स-रसेल ती कंपनी सोडून केव्हाच गेला होता, पण तेहतीस वर्षांपूर्वी त्याने लावलेला धागा तिथे टिकून होता.

या नव्या आवृत्तीबाबत दोन शब्द नेहमी गोंधळ करतात, ते सोडवून सांगतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी प्रत्येक वाद्य आणि आवाज रुंद फितीवरच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर नोंदवला जातो. या पट्ट्यांचे प्रमाण ठरवून, ड्रम किती, गायिका किती, गिटार डावीकडे की उजवीकडे हे पाहून त्यांचे डाव्या-उजव्या दोन पट्ट्यांत मिश्रण करणे म्हणजे मिक्सिंग. हे मिश्रण नव्याने केले तर ते रीमिक्स. झालेल्या मिश्रणाला हात न लावता त्याची मूळ फीत आजच्या यंत्रांवर अधिक स्वच्छपणे उतरवून घेणे आणि एकूण आवाजाचा तोल सावरणे म्हणजे रीमास्टर. मूळ अल्बमचे २०१९ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत रीमास्टर झाले; म्हणजे निर्माता के आणि क्लार्क यांनी १९७४ मध्ये केलेली रचना तशीच आहे, फक्त काचेवरची धूळ पुसली आहे. त्याच्या जोडीला स्टुडिओतल्या आधीच्या खेपाही प्रसिद्ध झाल्या, ज्यांत झील, जादा वाद्ये असे वरचे थर अजून चढायचे आहेत.

या खेपांमुळे एक जुना वाद निकालात काढायला मदत झाली. निर्मात्याने थरांवर थर चढवून गाणी गुदमरवली, असा आक्षेप या अल्बमवर पहिल्यापासून होता. आता दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येते. उघडी गाणी भक्कम आहेत, यात शंका नाही; गिटार आणि आवाज एवढ्यावरही ती उभी राहतात. तरीही माझे मत मूळ अल्बमच्या बाजूने पडते. क्लार्क ज्या गोष्टींविषयी लिहीत होता, म्हणजे माणसाचे क्षुद्रपण आणि त्याच्याभोवतीचा अफाट विस्तार, त्यांना तो अनेक कंठांचा घोष हवाच होता. स्वतः क्लार्कही या अल्बमला आपले सर्वोत्तम काम मानत राहिला, आणि या बाबतीत त्याचा शब्द प्रमाण मानायला मला अडचण वाटत नाही.

आता तो ऐकायला तबकडी शोधत फिरण्याची गरज नाही. गाण्यांच्या ॲपवर तो आहे. एकच सुचवतो. मूळ तबकडीच्या पहिल्या बाजूला चार गाणी होती आणि ती बाजू 'स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्ज'वर संपत असे. मग सुई उचलायची, तबकडी उलटायची, पुन्हा सुई ठेवायची, एवढा वेळ श्रोत्याला आपोआप मिळे. ॲपवर पाचवे गाणे लगेच सुरू होते. चौथे संपताच ते थांबवावे, मिनिटभर खोलीतली शांतता ऐकावी, आणि मग 'फ्रॉम अ सिल्व्हर फायल' लावावे.